घड्याळ शून्यावर, तरी तीन गुण: अमेरिकन फुटबॉलचे कमी माहितीतले नियम ओळखायचे कसे

चार डाउन (म्हणजे प्रयत्न), दहा यार्ड, टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्टीत, म्हणजे एंड झोनमध्ये, नेण्याचे) सहा गुण, फील्ड गोलचे (किक मारून बॉल खांबांमधून घालण्याचे) तीन. एवढं कळलं की अमेरिकन फुटबॉलची मॅच बऱ्यापैकी समजायला लागते. अडतं ते पुढे. रेफरी माइक चालू करून काहीतरी जाहीर करतो, अर्धं स्टेडियम ओरडतं, उरलेलं गप्प होतं आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला कळत नाही की बॉल एकदम दुसऱ्या संघाकडे गेलाच कसा. हा लेख त्या क्षणांसाठी आहे. तुम्ही अमेरिकेत शेजाऱ्यांच्या सुपर बोलच्या (हंगामाच्या अंतिम सामन्याच्या) पार्टीला जात असाल किंवा भारतात सोमवारी पहाटे पाचला उठून तोच सामना बघत असाल, गाडी अडते ती याच ठिकाणी.

एनएफएलचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, नियमांचं पुस्तक जाडजूड आहे. ते पाठ करू नका, गरज नाही. विचित्र वाटणारे बहुतेक नियम दोनच प्रकारचे असतात. पहिला प्रकार जुन्या काळातून तसाच राहिलेला. हा खेळ रग्बीतून वाढला आणि रग्बीच्या वळणाचे काही नियम कुणी काढलेच नाहीत. दुसरा प्रकार ठिगळांचा. कुणा हुशार प्रशिक्षकाने किंवा खेळाडूने पळवाट शोधली, तिच्या जोरावर सामना जिंकला आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत लीगने तिथे ठिगळ लावलं. समोर आलेला नियम यातला कुठला, हे ओळखता आलं की तो का आहे ते कळतं, आणि कारण कळलेला नियम विसरत नाही.

आता क्रमाने जाऊ. खाली दिलेल्या पायऱ्या म्हणजे मॅच बघताना स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत.

सुरुवातीलाच: हे कुठलं फुटबॉल?

शनिवारी दिसतं ते बहुधा कॉलेज फुटबॉल, रविवारी एनएफएल. दोघांची नियमांची पुस्तकं वेगळी. कॉलेजमध्ये झेल पूर्ण व्हायला एक पाय मैदानात पडला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कॉलेजमध्ये बॉल घेऊन पळणारा खेळाडू कुणाचा हात न लागता घसरून पडला तरी खेळ थांबतो. एनएफएलमध्ये तो उठून पुन्हा पळू शकतो. या लेखात मी एनएफएलबद्दल बोलतोय. कॉलेजचं उदाहरण येईल तिथे तसं सांगेन.

पायरी १: बॉल लाथेने गेला, हाताने गेला की निसटला?

स्क्रीनवर बॉल जमिनीवर गडगडताना दिसला की सगळ्यात आधी हा प्रश्न. दिसायला सगळं सारखंच असतं, पण त्या बॉलवर हक्क कुणाचा हे तो कसा सुटला यावर ठरतं.

पंट घ्या, म्हणजे बॉल हातातून सोडून लाथेने समोरच्या संघाकडे लांब मारणं. पंट मारणाऱ्या संघाला तो बॉल परत घेऊन पळण्याचा हक्क नाही. समोरच्या संघाच्या कुणाचा त्याला स्पर्श झालेला नसताना त्यांनी तो पकडला, तर खेळ तिथेच थांबतो आणि बॉल समोरच्यांचा. इथवर बहुतेकांना माहीत असतं. गंमत यापुढे आहे. पंट मारणाऱ्या संघातल्या कुणी बॉलला नुसता हात लावला, पकडला नाही आणि बॉल गडगडत राहिला, तर खेळ चालूच असतो. अशा वेळी समोरच्या रिटर्नरला (किक झेलून पळणाऱ्याला) फुकटची संधी मिळते. तो बॉल उचलून पळू शकतो. पुढे गेला तर तेवढा फायदा. मागे पडला, अगदी हातातून बॉल निसटून तो पंट मारणाऱ्यांनी पटकावला, तरीही त्याचा संघ जिथे पहिला हात लागला त्या जागेवरून बॉल मागू शकतो. मध्ये त्यांच्याच हातून दंडाची चूक झाली तर मात्र प्रकरण बदलतं.

टीव्हीवर हे ओळखायची सोपी खूण आहे. पंटनंतर जमिनीवर एखादी छोटी कापडी पिशवी पडलेली दिसली, तर ती पंचाने टाकलेली असते. दंडाचा पिवळा फ्लॅग वेगळा. पिशवी म्हणजे फक्त जागेची नोंद: पहिला स्पर्श इथे झाला. ती पिशवी पडल्यावरही एखादा रिटर्नर गर्दीत घुसून बॉल उचलतो तेव्हा समालोचक कधीकधी दचकतात. तो वेडेपणा करत नसतो, त्याला नियम माहीत असतो.

उलट बाजूही बघा. बॉलला पहिला स्पर्श रिटर्नरचा झाला आणि त्याला तो पकडता आला नाही, तर पंट मारणारा संघ बॉल ताब्यात घेऊ शकतो. पण घेऊन पुढे पळू शकत नाही. बॉल रिटर्नरच्या पक्क्या ताब्यात येऊन मग निसटला असेल तरच पळता येतं. म्हणून रीप्ले बघताना पंच एवढा वेळ घालवतात: ताबा होता की नुसता स्पर्श, यावर टचडाउन अवलंबून असतो.

किकऑफची (खेळ सुरू करणाऱ्या किकची) गोष्ट आणखी वेगळी, कारण २०२४च्या हंगामापासून तिचं रूपच पालटलं. आता किकर आपल्या ३५ यार्ड लाइनवर एकटा उभा असतो आणि त्याचे दहा साथीदार थेट समोरच्यांच्या ४० यार्ड लाइनवर. बॉल जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत हे दहाजण हलू शकत नाहीत. बॉल पडायची जागा ठरलेली आहे: गोल लाइन ते २० यार्ड लाइन. त्याच्या अलीकडे पडला तर समोरच्यांना थेट ४० यार्ड लाइनवरून खेळ मिळतो. किक थेट एंड झोनमध्ये गेली तर टचबॅक (बॉल न पळवता ठरलेल्या जागेवरून खेळ) २०२४मध्ये ३० यार्डांवर होता, २०२५पासून ३५वर. जोरात पळत येऊन आदळणाऱ्या खेळाडूंच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून हे केलं, आणि मला ते मनापासून पटतं. त्याची किंमत एकच. ऑनसाइड किक, म्हणजे छोटी किक मारून बॉल स्वतःच परत मिळवायची चाल, आता आधी सांगूनच करावी लागते. अचानक मारलेल्या ऑनसाइड किकचा थरार संपला.

पायरी २: पंट झेलणाऱ्याचा हात वर आहे का?

मला हा या खेळातला सगळ्यात सुंदर नियम वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

रिटर्नर एक हात डोक्यावर सरळ उचलून डावीउजवीकडे हलवतो, म्हणजे फेअर कॅच. मला पळायचं नाही, शांतपणे झेलू द्या. त्याला कुणी धडकलं तर १५ यार्डांचा दंड. नंतर त्याचा संघ नेहमीप्रमाणे पहिला डाउन खेळतो. पण त्यांच्याकडे दुसराही एक पर्याय असतो, जो बहुतेक प्रेक्षकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. जिथे झेल घेतला त्या जागेवरून ते थेट गोलवर किक मारू शकतात, आणि ती खांबांमधून गेली तर तीन गुण. याला फेअर कॅच किक म्हणतात.

ही किक साध्या फील्ड गोलसारखी नसते. सेंटर (लाइनच्या मधला खेळाडू) वाकून बॉल मागे देत नाही, म्हणजे स्नॅप नसतो. समोरचा संघ किमान दहा यार्ड लांब उभा राहतो, त्यामुळे अंगावर धावून किक अडवायला कुणी येत नाही. होल्डर बॉल जमिनीवर धरतो, प्लास्टिकची टी वापरता येत नाही, आणि किकर हवी तेवढी धाव घेऊन मारतो.

अंतराचा हिशोब तर फारच महत्त्वाचा. साध्या फील्ड गोलमध्ये बॉल सात-आठ यार्ड मागे दिला जातो आणि खांब गोल लाइनच्या दहा यार्ड मागे असतात. म्हणून बॉल ज्या यार्ड लाइनवर आहे त्यात सतरा-अठरा मिळवले की किकचं अंतर मिळतं. फेअर कॅच किकमध्ये मागे द्यायचा प्रश्नच नाही, म्हणून फक्त दहा मिळवायचे. ते सात-आठ यार्ड वाचल्यामुळे अशक्य वाटणारी किक आवाक्यात येते.

१९ डिसेंबर २०२४ला लॉस एंजेलिस चार्जर्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोज यांच्या सामन्यात हे घडलं. पहिला हाफ संपायला काही सेकंद उरले होते आणि डेन्व्हरने पंट मारला. चार्जर्सच्या डेरियस डेव्हिसने आपल्या ३८ यार्ड लाइनपाशी फेअर कॅचची खूण केली, पण डेन्व्हरचा एक खेळाडू त्याच्यावर येऊन आदळला. घड्याळ शून्यावर. एरवी दोन्ही संघ आत गेले असते. पण १५ यार्डांच्या दंडाने बॉल डेन्व्हरच्या ४७ यार्ड लाइनवर आला आणि चार्जर्सनी किक मागितली. वेळ संपल्यानंतरही ती मारायचा हक्क त्यांना होता. ४७ अधिक १०, म्हणजे ५७ यार्ड. कॅमेरॉन डिकरने ती मारली आणि बॉल खांबांमधून गेला. याआधीची यशस्वी फेअर कॅच किक होती २१ नोव्हेंबर १९७६ची, सॅन डिएगो चार्जर्सच्या रे वर्शिंगची, ४५ यार्डांची. मध्ये ४८ वर्षं गेली आणि दोन्ही वेळा संघ चार्जर्सच. सामना त्यांनी ३४-२७ असा जिंकला.

मधल्या काळात प्रयत्न झाले. २००८मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या मेसन क्रॉस्बीने ६९ यार्डांवरून मारून पाहिली, २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या फिल डॉसनने ७१ यार्डांवरून. दोन्ही चुकल्या. डॉसनच्या वेळी प्रशिक्षक होते जिम हार्बॉ, आणि डिकरच्या वेळी चार्जर्सचे प्रशिक्षकही तेच. अशी किक मारायची असेल तर ती आधी कुणाच्या तरी डोक्यात असावी लागते, त्या दहा सेकंदांत सुचून चालत नाही.

तुम्हाला ती लाइव्ह पकडायची असेल तर तीन गोष्टी एकत्र आल्या की खुर्ची सोडू नका: हाफचे शेवटचे पंधरा-वीस सेकंद, आपल्या गोल लाइनजवळ अडकलेला संघ पंट मारतोय, आणि रिटर्नर मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे आलाय. कॉलेजमध्ये मात्र वाट बघू नका, तिथे हा नियमच नाही.

पायरी ३: अंगावरचा नंबर बघा

आक्रमक संघाचे अकराजण, पण पास झेलायचा हक्क सगळ्यांना नसतो. स्क्रिमेज लाइनवर (बॉल ठेवलेल्या रेषेवर) किमान सात खेळाडू हवेत आणि त्यातले दोन टोकांचेच पास झेलू शकतात. शिवाय नंबरही पाहिला जातो. ५० ते ७९ आणि ९० ते ९९ नंबरचे खेळाडू झेलायला अपात्र. त्यांना झेलायचं असेल तर प्रत्येक वेळी रेफरीकडे जाऊन तसं कळवावं लागतं, आणि मग रेफरी तो नंबर मोठ्याने जाहीर करतो, म्हणजे समोरच्यांनाही कळावं.

हे कंटाळवाणं वाटलं तर ३० डिसेंबर २०२३चा डेट्रॉइट लायन्स विरुद्ध डॅलस काउबॉइज सामना आठवा. २३ सेकंद उरलेले, लायन्स एका गुणाने मागे. टचडाउननंतर त्यांनी किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जॅरेड गॉफने ६८ नंबरच्या टेलर डेकरकडे पास दिला. डेकरने झेलला. लायन्स पुढे गेल्यासारखे वाटले, पण फ्लॅग पडला. रेफरीने पात्र म्हणून जाहीर केला होता ७० नंबर, डॅन स्किपरचा. डेकरचं म्हणणं की कळवलं मी होतं. तीन धिप्पाड लाइनमन एकाच वेळी रेफरीकडे गेले होते, समोरच्यांचा गोंधळ उडावा म्हणून, आणि गोंधळ भलतीकडेच उडाला. काउबॉइज २०-१९ने जिंकले. माझं मत: चाल बेकायदेशीर नव्हती, पण ज्या जाहीर करण्यावर सगळा डाव उभा होता, तेच चुकल्यावर स्नॅप घ्यायला नको होता. स्टेडियमच्या स्पीकरवर ७० नंबर ऐकू आला होता.

याच पायरीवरची आणखी एक बारीक गोष्ट. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे, हात त्याच्या खाली लावून उभा असेल, तर एनएफएलमध्ये त्या डाउनला तो स्वतः पास झेलू शकत नाही. पाच-सहा यार्ड मागे उभा असेल तर झेलू शकतो. ४ फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने झेललेला टचडाउन आठवत असेल, तर रीप्लेमध्ये त्याच्या उभं राहण्याकडे बघा. तो मागे उभा होता, आणि मग सावकाश लाइनकडे चालत आला. ते चालणं निव्वळ नाटक नव्हतं.

पायरी ४: गोल लाइनजवळ बॉल निसटला तर

मैदानाच्या मध्यात बॉल निसटून बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर तो ज्या संघाकडे होता त्याच्याकडेच राहतो. तोच बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये जाऊन तिथून बाहेर गेला, तर मात्र सगळं गेलं. टचबॅक. बॉल समोरच्या संघाला, २० यार्ड लाइनवर. एका फुटावरून टचडाउन हुकतो आणि वर बॉलही जातो.

१७ जानेवारी २०२१ला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या रशार्ड हिगिन्सने कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध प्लेऑफमध्ये कोपऱ्याकडे झेप घेतली, तेव्हा हेच झालं. बॉल निसटला, एंड झोनमधून बाहेर गेला आणि ब्राउन्सच्या हाती काहीच उरलं नाही. ते २२-१७ने हरले. हा नियम बदला म्हणून दर काही महिन्यांनी ओरड होते. मला मात्र तो योग्यच वाटतो. एंड झोन ही बचाव करणाऱ्या संघाची राखलेली जागा आहे, तिथे बेफिकिरीने बॉल पुढे करण्याला किंमत असलीच पाहिजे.

आता याच पायरीवरचं सगळ्यात प्रसिद्ध ठिगळ. १० सप्टेंबर १९७८, ओकलंड रेडर्स सॅन डिएगोमध्ये सहा गुणांनी मागे, शेवटचे सेकंद. क्वार्टरबॅक केन स्टेबलरला पकडलं, तेवढ्यात त्याने बॉल पुढे सोडून दिला. पीट बॅनाझॅकने तो आणखी पुढे ढकलला. डेव्ह कॅस्परच्या पायाने तो गडगडत एंड झोनमध्ये गेला आणि कॅस्परने त्यावर अंग टाकलं. टचडाउन, रेडर्स २१-२०. पुढच्याच वर्षी नियम आला: चौथ्या डाउनला, किंवा हाफ संपायला दोन मिनिटं उरल्याच्या इशाऱ्यानंतर कुठल्याही डाउनला, निसटलेला बॉल घेऊन आक्रमक संघातला फक्त तो निसटवणारा खेळाडूच पुढे जाऊ शकतो. दुसऱ्या साथीदाराने पुढे जाऊन घेतला तर बॉल जिथे निसटला तिथे मागे येतो. बचाव करणाऱ्यांना ही अट नाही. म्हणून शेवटच्या मिनिटात एखादा खेळाडू निसटलेल्या बॉलवर झेप घेतो आणि तरी रेफरी बॉल मागे नेतो, तेव्हा गोंधळू नका.

पायरी ५: आता घड्याळ

विचित्र नियमांचा खरा हंगाम शेवटच्या दोन मिनिटांत असतो. तिथे घड्याळ हे बॉलइतकंच महत्त्वाचं, आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त ठिगळं लावून घेतली आहेत.

पहिला नियम साधा. बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीवर हाफ संपत नाही. वेळ संपता संपता त्यांच्यावर दंड लागला आणि तो स्वीकारला गेला, तर आणखी एक डाउन मिळतो, घड्याळाशिवाय.

दुसरा क्रूर आहे. हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत आक्रमक संघाच्या काही चुकांमुळे चालू घड्याळ थांबलं, तर दंडाबरोबर दहा सेकंदही कापले जातात. चूक करून फुकटचा टाइमआउट मिळवता येऊ नये म्हणून. रीप्लेने निर्णय बदलला आणि बदललेल्या निर्णयाप्रमाणे घड्याळ चालूच राहायला हवं होतं, तरी हीच कात्री. २४ सप्टेंबर २०१७ला लायन्सच्या गोल्डन टेटने अटलांटा फाल्कन्सविरुद्ध गोल लाइनवर पास झेलला, टचडाउन दिला गेला, आठ सेकंद बाकी. रीप्लेमध्ये दिसलं की त्याला रेषेच्या किंचित अलीकडे अडवलं होतं. बॉल गोल लाइनला चिकटून, आणखी एक डाउन हाताशी. पण तो मैदानात पडला होता, म्हणजे घड्याळ चालू असायला हवं होतं. दहा सेकंद वजा, हातात आठच. टाइमआउट शिल्लक नव्हता. सामना तिथेच संपला, ३०-२६. टाइमआउट शिल्लक असता तर तो वापरून ही कात्री टाळता आली असती. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत स्कोअरच्या शेजारी दिसणाऱ्या टाइमआउटच्या छोट्या पट्ट्यांवर लक्ष ठेवा.

तिसरी गोष्ट: जाणूनबुजून दोन गुण देणं. आपल्याच एंड झोनमध्ये अडकलो तर सेफ्टी, समोरच्यांना दोन गुण, आणि वर आपल्या २० यार्ड लाइनवरून फ्री किक मारून बॉलही त्यांना द्यायचा. ऐकायला तोट्याचा सौदा. ३ फेब्रुवारी २०१३ला न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी तो स्वतःहून केला. ३४-२९ने पुढे, १२ सेकंद, चौथा डाउन, बॉल त्यांच्या ८ यार्ड लाइनवर. पंट अडवला गेला असता किंवा रिटर्नर मोकळा सुटला असता तर अजिंक्यपद गेलं असतं. म्हणून पंटर सॅम कोक बॉल घेऊन एंड झोनमध्येच इकडून तिकडे फिरत राहिला, त्याच्या साथीदारांनी समोरच्यांना उघडउघड धरून ठेवलं आणि चार सेकंद उरल्यावर कोकने रेषेबाहेर पाऊल टाकलं. ३४-३१. फोर्टीनाइनर्सकडे फ्री किक परतवण्यापुरता वेळ उरला, आणि टेड गिन अडवला गेला. धरून ठेवल्याचा दंड लागलाच असता तरी काय? एंड झोनमधल्या त्या चुकीची शिक्षाही सेफ्टीच.

रेव्हन्सचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ, समोर त्यांचेच सख्खे भाऊ जिम. जॉननी २७ नोव्हेंबर २०१६ला सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध हीच युक्ती आणखी ताणली. अकरा सेकंद उरलेले, रेव्हन्सच्या खेळाडूंनी समोरच्यांना मिठ्या मारून ठेवल्या आणि कोकने पूर्ण वेळ संपवूनच बाहेर पाऊल टाकलं. आक्रमक संघाच्या चुकीने सामना वाढत नाही, म्हणून १९-१४ने विषय संपला. २०१७मध्ये ठिगळ लागलं: घड्याळ खाण्यासाठी एकाच डाउनला अनेकांनी मिळून मुद्दाम चुका केल्या तर खेळभावनेविरुद्ध वागल्याचा दंड, आणि गेलेले सेकंद परत.

असंच आणखी एक. ४ जानेवारी २०२०ला टेनेसी टायटन्सचे प्रशिक्षक माइक व्रेबल यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये पंटआधी मुद्दाम दंड ओढवून घेतले, कारण शेवटच्या पाच मिनिटांआधी दंडानंतर घड्याळ पुन्हा चालू व्हायचं. समोर होते बिल बेलिचिक, ज्यांनी त्याच हंगामात ही चाल स्वतः वापरली होती आणि ज्यांच्या हाताखाली व्रेबल खेळले होते. टायटन्स २०-१३ने जिंकले, आणि त्याच वर्षी पळवाट बंद झाली.

पायरी ६: बोर्डावर १ दिसू शकतो का?

दिसू शकतो. टचडाउननंतरच्या अतिरिक्त गुणाच्या प्रयत्नात सेफ्टी झाली तर तिचा एकच गुण. कॉलेजमध्ये हे बड्या सामन्यांत घडलंय. २००४मध्ये टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम सामन्यात, आणि ३ जानेवारी २०१३च्या फिएस्टा बोलमध्ये, जिथे ऑरेगनची किक कॅन्सस स्टेटने अडवली, बॉल उचलला आणि तो घेऊन स्वतःच्या एंड झोनमध्ये अडकले. ऑरेगनला एक गुण. बचाव करणाऱ्या संघालाही एक गुण मिळू शकतो, पण त्यासाठी किक मारणाऱ्या संघाने मागे मागे जात जवळजवळ पूर्ण मैदान ओलांडून स्वतःच्या एंड झोनमध्ये अडकायला हवं. म्हणून अंतिम स्कोअरमध्ये एखाद्या संघापुढे १ दिसणं कागदावरच शक्य आहे.

ड्रॉप किकही याच जुन्या पेटीतली. बॉल हातातून सोडायचा, जमिनीवर उसळला की लगेच मारायचा. बॉल निमुळता होत गेला तशी ती मागे पडली. तरीही ती कायदेशीर आहे. १ जानेवारी २००६ला पेट्रियट्सच्या ४३ वर्षांच्या डग फ्लूटीने ड्रॉप किकने अतिरिक्त गुण मिळवला. एनएफएलमध्ये १९४१नंतर पहिल्यांदाच.

पायरी ७: लाल फ्लॅग आणि रेफरीचा शेवटचा अधिकार

प्रशिक्षकाला निर्णयावर शंका असेल तर तो लाल फ्लॅग टाकतो. पण टचडाउन आणि बॉल गमावण्याचे प्रसंग आपोआप तपासले जातात, तिथे फ्लॅग टाकायचा नसतो. २२ नोव्हेंबर २०१२ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ह्यूस्टन टेक्सन्सच्या जस्टिन फोर्सेटचा गुडघा टेकलेला सगळ्यांना दिसला, तरी शिट्टी वाजली नाही आणि त्याने ८१ यार्ड पळून टचडाउन केला. लायन्सचे प्रशिक्षक जिम श्वार्ट्झ यांनी रागाच्या भरात लाल फ्लॅग टाकला. त्यावेळच्या नियमाप्रमाणे त्या एका कृतीने तपासणीच रद्द झाली आणि चुकीचा टचडाउन कायम राहिला. लायन्स जादा वेळेत ३४-३१ने हरले. दंड ठीक होता, पण चूक दुरुस्त करण्याचा मार्गच बंद करणं अन्यायाचं होतं. लीगलाही ते पटलं आणि नियम बदलला. आता तपासणी होते.

आणि सगळ्यात शेवटी तो अधिकार, जो रेफरी जवळपास कधीच वापरत नाही. एखादी कृती इतकी उघड अन्याय्य असेल की यार्डांचा दंड पुरणार नाही, तर रेफरी थेट गुण देऊ शकतो. कॉलेजमधलं १ जानेवारी १९५४च्या कॉटन बोलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. राइसचा डिकी मेगल मोकळा सुटून पळत होता, तेव्हा अलाबामाचा टॉमी लुइस बाकावरून उठून, हेल्मेटशिवाय, मैदानात आला आणि त्याने मेगलला पाडलं. पंचांनी ९५ यार्डांचा टचडाउन बहाल केला. राइस २८-६ने जिंकलं.

एनएफएलमध्ये हा नियम प्रेक्षकांच्या कानावर पडला तो २६ जानेवारी २०२५ला. ईगल्स वॉशिंग्टन कमांडर्सविरुद्ध एका यार्डावर होते, आणि क्वार्टरबॅकला मागून ढकलत नेण्याची त्यांची ठरलेली चाल अडवण्यासाठी फ्रँकी लुवू स्नॅपच्या आधीच लाइनवरून उडी मारत होता. एकदा, पुन्हा एकदा. बॉल आधीच गोल लाइनजवळ, त्यामुळे दंड म्हणून मिळणारं अंतर नगण्य. रोखायचं कसं? रेफरी शॉन होकली यांनी माइक चालू केला आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर टचडाउन बहाल केला जाऊ शकतो. कमांडर्स थांबले. ईगल्सनी मग तो टचडाउन खेळूनच मिळवला.